हरलेली फायनल पुन्हा बघा

लिओनेल मेस्सी २०१४ ची फायनल वाईट खेळला असं जो म्हणतो, त्यानं ती फायनल एकतर बघितलेली नाही, नाहीतर बघून विसरलेली आहे. हे मी लिहितोय, आणि मी ब्राझीलवाला आहे. कोल्हापुरात ब्राझीलवाला असणं म्हणजे काय, ते बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. वर्ल्ड कप आला की आमच्या पेठांमधून पिवळे आणि निळे-पांढरे झेंडे लागतात, चौकाचौकात खेळाडूंचे फलक उभे राहतात, आणि एका घरातले दोन सख्खे भाऊ महिनाभर एकमेकांशी धड बोलत नाहीत. आमच्या घरात थोरला भाऊ अर्जेंटिनाचा आणि मी ब्राझीलचा. तेव्हा मेस्सीची वकिली करायची मला हौस नाही. पण मी तालमीच्या टीमकडून लेफ्ट बॅक खेळलो, अंगात रग होती तोवर शाहू स्टेडियमवर उतरलो, आणि आता सकाळी पेठेतल्या पोरांना शिकवतो. बॅकच्या जागेवरचा माणूस समोरच्या फॉरवर्डचा खेळ इतरांपेक्षा बारकाईनं बघतो. त्याला बघावाच लागतो.

माझा पुतण्या आणि त्याचे दोस्त रोज संध्याकाळी एकच वाद घालतात. हरलेल्या फायनलमध्ये कोण मोठा? एक म्हणतो, "मेस्सी मोठ्या मॅचला गायब होतो, २०१४ बघ." दुसरा म्हणतो, "एम्बापेनं तीन टाकले आणि तरी हरला, याच्यापेक्षा काय पाहिजे लेका?" तिसरा झिदानचं नाव काढतो. मग आवाज चढतात. हा वाद चांगला आहे, तो व्हावा असंच मला वाटतं. माझी तक्रार वादाच्या पद्धतीवर आहे. ही पोरं निकालापासून सुरुवात करतात आणि तिथून मागं चालत येतात. हरला म्हणजे कुठंतरी कमी पडला असणार, हे आधी ठरतं. मग त्या कमीपणाला शोभेल असा एखादा क्षण शोधला जातो, आणि नव्वद किंवा एकशेवीस मिनिटांचा खेळ त्या एका क्षणात गुंडाळून ठेवला जातो.

२०१४ चंच घेऊ. १३ जुलै, रिओचं माराकाना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून साडेबारा झाले होते. अर्जेंटिनाची टीम तिथवर कशी पोचली होती ते आधी बघा. स्वित्झर्लंडविरुद्ध १२० मिनिटं. सेमीफायनलला नेदरलँड्सविरुद्ध पुन्हा १२० मिनिटं आणि वर टायब्रेकर, तीही ९ जुलैला. जर्मनीची सेमीफायनल एक दिवस आधी झाली होती, आणि ब्राझीलला सात गोल घातलेली ती मॅच त्यांनी पहिल्या अर्ध्या तासातच संपवल्यात जमा केली होती. (त्या रात्रीबद्दल मला जास्त लिहायचं नाही.) शिवाय मेस्सीवरचा भार हलका करू शकणारा डी मारिया बेल्जियमविरुद्ध मांडी दुखावून बाहेर बसलेला.

अशा अवस्थेत पहिल्या हाफमध्ये मेस्सी उजव्या बाजूनं हुमेल्सला पळवत होता. हुमेल्स त्या वर्षी जगातल्या उत्तम डिफेंडरपैकी एक होता, आणि त्याला मागं टाकून मेस्सी चेंडू गोलसमोर आणत होता. बोआटेंग त्या दिवशी भिंत होऊन उभा राहिला. माझ्या मते त्या सामन्याचा खरा हिरो तोच, पण विजयी गोल घालणाऱ्या गोट्झेचं नाव राहिलं आणि बोआटेंगचं मागं पडलं. लावेझी उजवीकडून धावत होता तोवर मेस्सीला जागा मिळत होती. हाफ टाइमला अर्जेंटिनाचे कोच सबेया यांनी लावेझीला काढून अग्वेरोला आणलं. अग्वेरो पूर्ण तंदुरुस्त नव्हता. त्यानंतर जर्मनीला मैदानाची ती बाजू मोकळी मिळाली आणि मेस्सीभोवती गर्दी वाढली. दुसरा हाफ सुरू होताच, सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, मेस्सी डाव्या बाजूनं आत घुसला आणि त्यानं डाव्या पायानं चेंडू जर्मनीचा गोलकीपर न्यूअरला ओलांडून लांबच्या खांबाकडं मारला. चेंडू वीतभर बाहेरून गेला. ती संधी त्यानं घालवली, हे खरं आहे. शेवटच्या मिनिटांतली फ्री किक त्यानं बारच्या खूप वरून मारली, हेही खरं आहे. पोरं एवढंच सांगतात. पण एकविसाव्या मिनिटाला क्रूसनं चुकून डोक्यानं मागं दिलेला चेंडू एकट्या हिग्वेनच्या पायाशी आला होता, समोर फक्त न्यूअर होता, आणि हिग्वेननं तो बाहेर मारला. जादा वेळेत पॅलासिओच्या छातीवर चेंडू आला आणि त्यानंही तो न्यूअरच्या डोक्यावरून उचलताना बाहेर घालवला. यातला एक जरी आत गेला असता तरी पेठेतली हीच पोरं आज सांगत असती, की मेस्सीनं दमलेल्या पायांनी जर्मनीला कसं खेळवलं.

स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मेस्सीला द्यायला नको होता, हे माझंही मत आहे. त्याचे चारही गोल साखळी फेरीतले. सहा गोल मारणारा कोलंबियाचा हामेस रॉद्रिगेझ होता, जर्मनीचे दोघे-तिघे होते. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनीसुद्धा त्या निवडीचं आश्चर्य वाटल्याचं बोलून दाखवलं. त्या पुरस्कारानं मेस्सीचं नुकसानच केलं. सात सामन्यांचा पुरस्कार आणि एका फायनलमधला खेळ यांची गल्लत झाली, आणि पुरस्काराचा राग फायनलवर निघाला. त्यात तो फोटो. पुरस्कार घ्यायला गेलेला मेस्सी कपाकडं बघतोय, त्या चिनी छायाचित्रकाराच्या फोटोला पुढं वर्ल्ड प्रेसचं बक्षीस मिळालं. आज लोकांच्या डोक्यात तो फोटो आहे, खेळ नाही.

पुढची दोन वर्षं तर त्याच्यासाठी फारच कठीण गेली. २०१५ च्या कोपा अमेरिका फायनलला सांतियागोत चिलीविरुद्ध गोलशून्य, मग टायब्रेकर. मेस्सीनं आपली पेनल्टी घातली, हिग्वेननं वरून मारली, बानेगाची अडवली गेली. २०१६ ला न्यू जर्सीत पुन्हा चिली, पुन्हा गोलशून्य. इथं मात्र व्हिदालची पहिलीच पेनल्टी रोमेरोनं अडवली होती, मेस्सीला अर्जेंटिनाला पुढं न्यायचं होतं, आणि त्यानं चेंडू बारवरून मारला. त्या रात्री त्यानं देशाकडून खेळणं सोडल्याचं जाहीर केलं. काही आठवड्यांत तो परतला, पण त्याच्यावरचा शिक्का पुसला गेला नाही.

आता २०२१ बघा. पुन्हा माराकाना, पुन्हा कोपाची फायनल, समोर माझा ब्राझील. डी मारियानं बाविसाव्या मिनिटाला आमचा गोलकीपर एडरसनच्या डोक्यावरून चेंडू घातला, १-०. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना मेस्सी एकटा एडरसनसमोर आला. सहा-सात पावलांवर गोल. मारायचं सोडून तो आणखी एक स्पर्श घ्यायला गेला, पाय अडकला, आणि एडरसननं चेंडू काढून घेतला. २०१४ च्या सत्तेचाळिसाव्या मिनिटापेक्षा ही संधी कितीतरी सोपी होती. आमच्या पेठेत विचारा, ही कुणाला आठवते. मी विचारून बघितलं आहे. अर्जेंटिनावाल्यांना आठवत नाही, कारण त्यांचा नाच चालला होता. आम्हा ब्राझीलवाल्यांना आठवत नाही, कारण आम्ही तोवर टीव्हीसमोरून उठलो होतो. ती फायनल अर्जेंटिनानं जिंकली, म्हणून ती चूक हिशेबात धरलीच गेली नाही. ब्राझीलनं शेवटच्या मिनिटाला बरोबरी करून टायब्रेकर जिंकला असता, तर तीच चूक मेस्सीच्या नावापुढं आयुष्यभर लागली असती.

याचा सगळ्यात मोठा पुरावा लुसेलच्या फायनलमध्ये आहे. १८ डिसेंबर २०२२. ती तुम्ही बघितली असणार, कारण तेव्हा वेळही सोयीची होती, रविवारी रात्री साडेआठ. एकाऐंशीव्या मिनिटाचा फ्रान्सचा दुसरा गोल आठवा. एम्बापेची ती व्हॉली जगानं हजार वेळा बघितली. त्या गोलची सुरुवात कुठं झाली? चेंडू मेस्सीच्या पायात होता आणि बदली म्हणून आलेल्या किंग्सली कोमाननं तो काढून घेतला. तिथून राबियो, मग एम्बापे, मग थुराम, थुरामनं उचलून दिला आणि गोल. म्हणजे मेस्सीनं चेंडू गमावला, म्हणून फ्रान्सनं बरोबरी साधली. अर्जेंटिना हरली असती तर हीच पाच सेकंदं दाखवून सांगितलं गेलं असतं, की बघा, मोठ्या मॅचला याचं काय होतं. आणि कोमान? तो चेंडू काढला नसता तर जादा वेळच झाली नसती. पण टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं अडवली, तेव्हा कोमान म्हणजे पेनल्टी चुकलेला, एवढंच उरलं. अर्जेंटिनाच्या माँटियलचं पण बघा. एम्बापेचा फटका त्याच्या हाताला लागला, फ्रान्सला पेनल्टी मिळाली, एकशेअठराव्या मिनिटाला ३-३ झालं. वर्ल्ड कप घालवणारा माणूस म्हणून तो ओळखला गेला असता. थोड्याच वेळात शेवटची पेनल्टी त्यानंच घातली आणि तो वर्ल्ड कप आणणारा माणूस झाला. या सगळ्यांच्या मध्ये काय आहे? जादा वेळ संपता संपता कोलो मुआनी एकटा मार्टिनेझसमोर आला, त्यानं चेंडू जोरात आणि नेमका मारला, आणि मार्टिनेझनं डावा पाय लांबवून तो अडवला. तो पाय थोडा आखूड पडला असता तर मेस्सी, कोमान, माँटियल, एम्बापे या चौघांबद्दलची आपली मतं उलटी झाली असती, आणि चौघांच्या खेळात एका पासाचाही फरक पडला नसता.

पुतण्याला एम्बापेबद्दल माझं मत आवडत नाही, तरी सांगतो. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये तीन गोल त्याच्याआधी फक्त इंग्लंडच्या जेफ हर्स्टनं १९६६ मध्ये घातले होते, आणि हर्स्ट जिंकला होता. एम्बापेचं काळीज मोठं. दोन गोलनं मागं असताना आणि नंतर पुन्हा ३-२ नं मागं असताना पेनल्टी मारायला जाणं, त्याच गोलकीपरसमोर टायब्रेकरची पहिली पेनल्टी पुन्हा मारणं आणि तिन्ही घालणं, हे मला जन्मात जमलं नसतं. पण त्या फायनलची पहिली ऐंशी मिनिटं कुठं गेली? पहिल्या हाफमध्ये फ्रान्सनं गोलकडं एकही फटका मारला नाही. मोलिना आणि डी पॉल यांनी मिळून एम्बापेला असं कोंडलं होतं की एकेचाळिसाव्या मिनिटाला, हाफ टाइमचीही वाट न बघता, फ्रान्सचे कोच डेशाँ यांनी जिरू आणि डेम्बेले दोघांना बाहेर काढलं. पहिली पेनल्टी मिळवून दिली कोलो मुआनीनं, ओटामेंडीला पळवून. म्हणून माझं म्हणणं असं, की एम्बापेची ती शेवटची चाळीस मिनिटं फायनलच्या इतिहासात फार वरच्या जागी ठेवा, पण अख्खी फायनल तो श्रेष्ठ खेळला असं म्हणू नका. तीन गोल मोजता येतात म्हणून ते मोठे वाटतात. मोलिनानं अडवलेल्या धावा कुणी मोजत नाही.

गोल मोजता येतात, तशा पेनल्ट्याही मोजता येतात, आणि तिथं सगळ्यात मोठा अन्याय होतो. रॉबर्टो बाज्जो. १९९४, पॅसाडीना. "बाज्जोनं वर्ल्ड कप घालवला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते. गणित करा. इटलीच्या बरेसीनं वरून मारली, मासारोची ताफारेलनं अडवली. ब्राझीलची एकच गेली होती. बाज्जो चेंडू ठेवायला आला तेव्हा ब्राझील ३-२ नं पुढं होता आणि ब्राझीलची एक पेनल्टी शिल्लक होती. बाज्जोनं घातली असती तर ३-३, आणि ब्राझीलनं पुढची घातली असती तर तिथंच संपलं. बाज्जो वर्ल्ड कप जिंकून देऊच शकत नव्हता, फार तर सामना जिवंत ठेवू शकत होता. आणि इटलीला फायनलपर्यंत कुणी आणलं? नायजेरियाविरुद्ध दहा खेळाडू उरले असताना अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी, मग जादा वेळेत विजयी पेनल्टी. स्पेनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत विजयी गोल. बल्गेरियाविरुद्ध दोन. बाद फेरीतले त्याचे पाच गोल काढा, इटली कधीच घरी गेली असती. सेमीफायनलला मांडीचा मागचा स्नायू दुखावला, तरी फायनल पूर्ण खेळला. चार वर्षांनी फ्रान्सविरुद्ध टायब्रेकर झाला तेव्हा इटलीची पहिली पेनल्टी मारायला हाच बाज्जो गेला आणि त्यानं ती घातली. त्याचा उल्लेख कुणी करत नाही.

मला हे एवढं का लागतं, तेही सांगतो. आमच्या पेठेतला एक स्ट्रायकर होता. नाव घेत नाही, तालमीचंही नाही. त्याच्यासारखा डाव्या पायाचा खेळाडू मी आमच्या भागात परत बघितला नाही. एका स्थानिक स्पर्धेच्या फायनलला टायब्रेकरमध्ये त्याची पेनल्टी गेली. त्या सामन्यात टीमचे दोन्ही गोल त्याचेच होते, आणि नसते तर टायब्रेकर झालाच नसता. पण दुसऱ्या दिवसापासून तो दिसला की कट्ट्यावरून कुणीतरी ओरडायचं, "आला बघ, वरनं मारणारा." ती चेष्टा होती, म्हणणाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण ती थांबली नाही. पुढच्या हंगामाला तो पेनल्टी मारायला पुढं येईना, आणि नंतर खेळायलाच येईना. गाव फुटबॉलचं आहे म्हणून आपण मिरवतो. इथला अनिकेत जाधव अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, त्याचं नाव आपण अभिमानानं घेतो. तेच गाव एका चुकीवरून एखाद्या पोराचा खेळ कायमचा बंद करू शकतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आणि हे कोल्हापूरचंच नाही. १९५० साली माराकानात उरुग्वेविरुद्ध ब्राझीलला नुसती बरोबरी पुरेशी होती. जवळपास दोन लाख माणसं बसलेली. १-१ असताना एकोणऐंशीव्या मिनिटाला घिजिया उजवीकडून घुसला. गोलकीपर बार्बोसाला वाटलं की तो उरुग्वेच्या पहिल्या गोलसारखाच चेंडू मध्ये देणार. घिजियानं जवळच्या खांबाच्या आतून मारला. गोलकीपरनं घेतलेला तो अंदाज चुकीचा नव्हता, कारण उरुग्वेचा पहिला गोल तसाच पडला होता. ब्राझीलनं त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. म्हातारपणी तो म्हणायचा की आमच्या देशात सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, माझी पन्नास वर्षं चालू आहे. २००० साली तो गेला. मी ज्या देशासाठी जीव टाकतो, त्या देशानं हे केलं, आणि त्याची मला लाज वाटते. अलीकडच्या गोष्टीसुद्धा याहून सुधारलेल्या नाहीत. २०२१ ला वेम्बलीत युरोच्या फायनलनंतर टायब्रेकरमध्ये पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि एकोणीस वर्षांच्या साकाला त्यांच्या कातडीच्या रंगावरून शिव्या पडल्या. त्यातले रॅशफर्ड आणि सँचो जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी फक्त पेनल्टी मारण्यासाठी आत पाठवलेले होते. चेंडूला धड पायसुद्धा लागला नव्हता. त्याच टायब्रेकरमध्ये इटलीच्या जॉर्जिन्होची जिंकून देणारी पेनल्टी पिकफर्डनं अडवली होती. इटली जिंकली, आणि जॉर्जिन्हो त्या वर्षीच्या बॅलन डी'ऑरमध्ये तिसरा आला.

याचा अर्थ हरलेल्या फायनलमध्ये कुणाची चूकच नसते असा कुणी काढू नये. असते, आणि ती स्पष्ट सांगावी. २००६ ला बर्लिनमध्ये झिदाननं एकशेनऊ मिनिटं राजासारखी खेळली. सातव्या मिनिटाला बारला लावून आत पडणारी पेनल्टी, जादा वेळेत बफोननं कसाबसा वर ढकललेला हेडर. मग इटलीच्या मातेराझ्झीच्या छातीवर डोकं मारलं आणि लाल कार्ड. काहीतरी बोललं गेलं होतं, हे मला मान्य आहे. तरीही थोड्याच वेळात टायब्रेकर होता, आणि फ्रान्सचा सगळ्यात भरवशाचा पाय ड्रेसिंग रूममध्ये बसला होता. त्यावर पोरं "पण काय माणूस होता" म्हणून पांघरूण घालतात, आणि एक पेनल्टी चुकलेल्या बाज्जोला मात्र सोडत नाहीत. हे मला पटत नाही. झिदाननं केलं ते त्याच्या हातात होतं. जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याचंही स्वच्छ सांगता येतं. २००२ ला फायनलपर्यंत त्यानं एकच गोल खाल्ला होता, फायनलला रिवाल्डोचा फटका त्याच्या हातून सुटला आणि रोनाल्डोनं घातला. बोट दुखावलेलं होतं, पण त्यानं त्याचं कारण पुढं केलं नाही. तो चूक झाल्याचं मान्य करून बसला, आणि मला तो त्या दिवशी जास्त मोठा वाटला. उलट १९९८ च्या रोनाल्डोवर मी एक शब्दही बोलू देत नाही. सामन्याच्या दिवशी दुपारी त्याला झटके आले होते, संघाच्या यादीतून त्याचं नाव काढलं होतं आणि पुन्हा घातलं. आजारी पोराला मैदानात उतरवणाऱ्यांना विचारा काय विचारायचं ते.

आर्यन रॉबेनची गोष्ट मी शिकणाऱ्या पोरांना मुद्दाम सांगतो. २०१० ला जोहान्सबर्गमध्ये एकटा कासियाससमोर, कासियासच्या पायाला लागून चेंडू बाहेर. २०१२ ला चॅम्पियन्स लीग फायनलला स्वतःच्या म्युनिकमध्ये जादा वेळेत पेनल्टी, चेकनं अडवली. मोठ्या सामन्याचा नाही, हा शिक्का बसला. २०१३ ला वेम्बलीत त्यानं पहिला गोल करवला आणि एकोणनव्वदाव्या मिनिटाला दुसरा घातला. माणूस तोच, पाय तोच, आत वळण्याची सवयही तीच.

मग हरलेल्या फायनलमधला सगळ्यात मोठा खेळ कुणाचा, असं पोरं मला विचारतात. मेस्सी नाही, एम्बापे नाही. फ्रँको बरेसी, १९९४. साखळी फेरीत नॉर्वेविरुद्ध त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. वय चौतीस. कोस्टाकुर्ता आणि तासोत्ती, मिलानमधले त्याचे दोन्ही जोडीदार, बंदीमुळं फायनलला नव्हते. मालदिनीला मध्ये घेऊन, जखमेनंतर महिनाही झाला नसताना, पॅसाडीनाच्या भर दुपारच्या उन्हात हा माणूस १२० मिनिटं उभा राहिला. समोर रोमारिओ आणि बेबेतो. रोमारिओनं त्या वर्ल्ड कपचा गोल्डन बॉल घेतला, आणि त्या दिवशी त्याला गोल मिळाला नाही. बरेसी टक्कर घेत नव्हता, तो आधीच तिथं असायचा. पास कुठं जाणार हे त्याला पास मारणाऱ्याच्या आधी कळत होतं. शेवटी पायात गोळे येऊन तो जमिनीवर पडला, उठला, आणि टायब्रेकरची पहिली पेनल्टी मारायला गेला. ती त्यानं बारवरून मारली.

त्या फायनलमधून लोकांनी दोन गोष्टी ठेवल्या, बाज्जोची पेनल्टी आणि बरेसीचं रडणं. सामना कंटाळवाणा होता, असं सगळे म्हणतात. बॅकला विचारा. आम्ही ब्राझीलवाले त्या रात्री एक वाजल्यापासून टीव्हीसमोर बसून गोलची वाट बघत होतो, आणि माझ्या लक्षात येत होतं की हा सहा नंबरचा माणूस तिथं आहे तोवर गोल होणार नाही. सामना सुरू असताना मला त्याचा राग येत होता. कप आम्ही जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो तेव्हा मी रोमारिओच्या चाली आठवत नव्हतो, बरेसी कुठं उभा राहत होता ते आठवून तिथं तिथं उभा राहून बघत होतो.